तळाला ठेवलेलं खमीर

१

फ्रिजला धर्म नसतो. मशिदीबाहेर गाववाले चेष्टा करायचे, "इद्रीस, साहेबाची दारू गार करतोस म्हणं," तेव्हा मी एवढंच सांगायचो. माझं काम गारव्याचं. आत कोणी मटण ठेवतो, कोणी औषध, कोणी आणखी काही. मी दार उघडून पाहतो ते कॉइलकडे.

कुवेतच्या तेलकंपनीत मी रेफ्रिजरेशन मेकॅनिक होतो. सकाळी अहमदीच्या वर्कशॉपात हजेरी, मग टेकडीवरच्या साहेबलोकांच्या बंगल्यांची फेरी. कुठे कूलरचा पंखा कुरकुरतोय, कुठे फ्रिजचं दार नीट लागत नाही, कुठे गॅस गळतोय. दुपारी बसने खाली फहाहीलला, घरी. बारा महिने तेच, आणि तेच मला बरं वाटायचं.

दारूचे परवाने बंद झाले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात अहमदीतले साहेब एकाएकी केमिस्ट झाले. कोणाच्या न्हाणीघरात ड्रम, कोणाच्या गॅरेजमध्ये माल्टचे डबे आणि साखरेची पोती. सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बोलायचं कोणी नाही. पण घरी केलेल्या बिअरचे नखरे फार. जास्त गरम झालं की ती आंबट होऊन वाया जाते, जास्त गार झालं की खमीर झोपून जातं. कुवेतच्या उन्हाळ्यात तिला मोजका गारवा देणार कोण? मग मला बोलावणी येऊ लागली.

लँगली साहेब लॅबोरेटरीत होते. उंच, सावकाश, हिंदी बऱ्यापैकी. त्यांची मेमसाहेब आदल्या वर्षी विलायतेत वारली होती, त्यामुळे बंगल्यात ते एकटेच. स्वयंपाकघरामागच्या कोठीच्या खोलीत त्यांनी दोन जुने फ्रिज आणून ठेवले होते. एकात बिअर आंबायची, दुसऱ्यात ती गार व्हायची आणि दाराला बसवलेल्या तोटीतून ग्लासात यायची. तोटीचं काम सोपं होतं. पहिल्या फ्रिजला मात्र मवाळ गारव्याचा थर्मोस्टॅट हवा होता.

खोलीच्या दारात साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं.

मला वाटलं, चोरीचा मामला, भिंतीपलीकडे शेजारी. मी मान हलवली. खिडकीवर घोंगडी ठोकलेली, आत एकच पिवळा दिवा. फ्रिजमध्ये काचेची मोठी बरणी होती, कंपनीत ॲसिड येतं तसली, कमरेपर्यंत येईल एवढी. तोंडाला बूच, बुचातून बाहेर आलेली वाकडी काचनळी, नळीच्या वळणात बोटभर पाणी. आतला वायू पाण्यातून वाट काढत बाहेर पडायचा.

गुबुक्.

मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, गुबुक्.

दुपारभर मी त्या आवाजाशेजारी काम केलं. मशीनचा आवाज मला पाठ असतो, पण हा मशीनचा नव्हता. तो ऐकताना बरं वाटत होतं, हे खरं आहे. काम झाल्यावर साहेब मला व्हरांड्यात घेऊन गेले, दार ओढून घेतलं, आणि मग पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाले, "थँक यू, इद्रीस."

२

बरं वाटलं असं मी म्हणालो, त्याला कारण होतं. घरी आवाजच उरला नव्हता.

आमची असमा वसंताच्या सुमारास गेली. रांगायला नुकतीच लागली होती. छातीत कफ भरला, ताप चढला. मी टॅक्सी आणायला धावलो. परत आलो तेव्हा माझ्या बायकोच्या, बिल्कीसच्या, मांडीवर असमाची छाती वरखाली होत होती, मधेच थांबत, पुन्हा चालू होत. मी दारातून सांगत होतो की टॅक्सी आली आहे, ड्रायव्हर ओळखीचा आहे, दुलई घे, पैसे मी घेतले आहेत, दवाखाना उघडा आहे. माझं बोलणं संपलं तेव्हा ती थांबलेलीच होती.

त्यानंतर बिल्कीस बोललेली नव्हती. वेड लागल्यासारखं नव्हतं ते. स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, नमाज पढायची, तेव्हा ओठ हलायचे. पण आवाज नाही. मी विचारलं तर मान हलवायची.

आणि मी? मी रडलो नाही. लोकांनी खांद्यावर हात ठेवले, ते कळले. कामावर गेलो, गॅस भरला, बेल्ट बदलले. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो ना, आपलाच पण आपला नसलेला, तसा मी सगळाच झालो होतो. चिमटा काढला तरी कुणा दुसऱ्याला काढल्यासारखा.

आमच्या शेजारी फखरुन्निसा भाभी राहायची, आमच्याच खाडीकडची. तिचा नवरा बंदरावर. ती रोज यायची आणि दोघींच्या वाटचं एकटीच बोलायची. जाताना मला दारात सांगायची, "तिला हाताला काय तरी काम द्या, इद्रीसभाय. हात चालला म्हणजे तोंडपण चालंल."

३

थर्मोस्टॅट बरोबर लागला की नाही ते पाहायला मी पुन्हा साहेबांकडे गेलो. साहेब कामावर होते, चावी माळ्याकडे ठेवली होती. भर दुपार, बाहेर तोझ, धुळीचा वारा, सुटलेला, सूर्य तांबडा झालेला. मी आत शिरलो आणि फ्रिजचं दार उघडलं.

गुबुक्. छान चाललं होतं. तापमान पाहिलं, तेही बरोबर. मी आपल्याशीच म्हणालो, "चला, जमलं."

नळीतलं पाणी थांबलं.

थांबलं म्हणजे निघता निघता थांबलं. बुडबुडा अर्धा वर आलेला, तसाच. मी वाकून पाहत राहिलो. काही वेळाने तो सुटला. गुबुक्.

माणूस अशा वेळी काय करतो? मी पुन्हा बोललो. मोठ्याने म्हणालो, "इद्रीस, घरी जा." बुडबुडा थांबला. मी गप्प बसलो, तो सुटला. मी खोकलो, पान्याने फ्रिजवर टकटक केलं, पाय आपटले. त्याचं त्याला काही नव्हतं. बोललो की मात्र थांबायचा. एकदा मी मुद्दाम बोलतच राहिलो, गावातल्या घरांची नावं खाडीपासून मशिदीपर्यंत ओळीने घेतली. जेवढा वेळ मी बोलत होतो तेवढा वेळ त्या बरणीत कोणीतरी ऐकत होतं.

"कोणीतरी" हा शब्द मनात आला आणि मी स्वतःवर चिडलो. मी मेकॅनिक आहे. माणसाच्या आवाजाचा कंप काचेला लागत असेल. दार उघडं राहिल्याने दाब बदलत असेल. आमच्या कामात कंप्रेसरचं दुखणं ऐकायची एक रीत आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतली टिकटिक, घासणं, सगळं कानात येतं. मी टोक बरणीला टेकवलं.

आधी फेसाची सळसळ. मग बुडबुडा. आणि दोन बुडबुड्यांच्या मधे, अगदी हळू, आत ओढल्याचा आवाज.

नळीत पाहिलं तर पाणी उलट्या बाजूला चढत होतं, बरणीकडे. असल्या नळीतून वायू बाहेर जातो, आत येत नाही. मग मला आठवलं, फ्रिज गार होताना बरणीतली हवा आकसते आणि पाणी आत खेचलं जातं. हे बरोबर आहे, कोणालाही विचारा. मी समाधानाने दार लावलं.

कंप्रेसर त्या वेळी बंद होता, हे मला बसमध्ये बसल्यावर आठवलं.

४

लँगली साहेबांचा निरोप पुढच्या आठवड्यात आला. ते नोकरी सोडून कायमचे विलायतेला चालले होते. व्हरांड्यात पेट्या बांधून ठेवलेल्या. ते खूप वाळले होते, आणि बोलताना मधेच थांबत होते, कोणाची परवानगी घेतल्यासारखे.

"फ्रिज तुम रख लो," ते म्हणाले. "दोनों. लेकिन बरनी का माल सब फेंक देना. उबलता पानी डालना. तले में जो बैठा है वो भी. कुछ रखना नहीं. समझे?"

"जी साब."

"शुरू में अच्छा लगा," ते म्हणाले. त्यांची नजर कोठीच्या दाराकडे जात नव्हती, ते मुद्दाम जाऊ देत नव्हते. "मेमसाब के बाद कोई सुननेवाला नहीं था. फिर मैंने देखा, मैं बोलूँ तो वो रुकता है. तो मैंने बोलना बंद किया."

"साब, वो तो प्रेशर का..."

"हाँ," ते म्हणाले. "प्रेशर." आणि हसले. त्या हसण्याची मला दया आली. बऱ्याच दिवसांत मला काही वाटलं असेल तर ते तेवढंच.

गाडी गेल्यावर मी आत गेलो. बिअर मोरीत ओतली, आंबूस गोड वासाने खोली भरली. तळाला खमीर राहिलं, पांढरट, दाट, साईसारखं. चुलीवर पाणी उकळत होतं. मी बरणी वाकडी करून बसलो होतो आणि हात पुढे होईना.

याला आमची रीत कारण. आमच्याकडे सणाला, लग्नाला सांदणं होतात. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, आणि ते फुलायला माडी, माडाचा आंबलेला रस. भंडाऱ्याकडून माडी आणायची, त्यावर कोणी मौलवी कधी बोलला नाही, कारण वाफेवर सगळं उडून जातं. माझी आई आंबलेल्या पिठाचं मडकं कधी पुरतं रिकामं करायची नाही. तळाला मूठभर ठेवायची, पुढच्या पिठासाठी. खमीर फेकणं म्हणजे घरातलं जिवंत काही उकिरड्यावर टाकणं, असं ती मानायची. बिल्कीसच्या माहेरीही तेच. फहाहीलमध्ये मात्र माडी कुठली! बिल्कीस बेकरीचं खमीर आणायची आणि दर वेळी नाक मुरडायची, चव नाही म्हणायची. म्हणायची, म्हणजे बोलत होती तेव्हा.

मला भाभीचे शब्द आठवले. हाताला काम.

जेवणाचा डबा धुऊन घेतला आणि त्यातल्या लहान भांड्यात थोडं खमीर काढलं. अगदी थोडं. उरलेल्यावर उकळतं पाणी ओतलं, बरणी घासली, पालथी घातली. वायदा पाळलाच की मी, बहुतेक.

५

बिल्कीसने भांड्याचं झाकण उघडून वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. "बेकरीचं नाही," मी म्हणालो. "साहेबाकडचं. माडीसारखंच धर."

तिने तांदूळ भिजवले. दुसऱ्या दिवशी वाटले, नारळाचं दूध घातलं, खमीर कालवलं, मातीच्या मडक्यात ओतलं आणि तोंडाला मलमलचा कपडा बांधला. कपडा असमाचा होता, तिच्या अंगाखालचा. आमच्याकडे दुसरं मलमल नव्हतं.

दुपारी कामावरून आलो तेव्हा ती मडक्यापाशी बसली होती. पीठ फुगून वर आलेलं, कपडा घुमटासारखा. उतू जाईल म्हणून मी वर ताट झाकायला गेलो.

"झाकण घट लावू नुको," बिल्कीस म्हणाली. "दम कोंडंल."

ताट माझ्या हातातून पडलं. तिचा आवाज घोगरा झाला होता, न वापरलेल्या कडीसारखा. पण तिचाच. मला आनंद झाला. स्पष्टच सांगतो, इतका झाला की मी स्वयंपाकघरातच खाली बसलो आणि माझ्या पायांना फरशीचा गारवा लागला. पायांना गारवा लागतो हे मी विसरलो होतो.

त्या दिवशी सांदणं झाली. हलकी, पांढरीशुभ्र, जाळीदार. फखरुन्निसा भाभीने दोन खाल्ली आणि डोळे पुसले. "बघा, मी काय सांगितला व्हता?" मी तिसरं खात होतो. बिल्कीसने एकही खाल्लं नाही. ती मडक्याच्या तळाला राहिलेल्या पिठात नवं पीठ कालवत होती.

६

मग घरात बोलणं आलं. बिल्कीस मला बाजार सांगू लागली, मासळीचे भाव, भाभीच्या सुनेच्या कागाळ्या. साहेबाचा एक फ्रिज मी घरी आणला होता, तो स्वयंपाकघरात बसवला. त्याचा कंप्रेसर जुना, घरघर करणारा. तिला तो आवडायचा नाही. "त्याच्या आवाजात काय आयकायला येत नाय," म्हणायची. दुपारी ती त्याचा प्लग काढून ठेवायची. पाणी कोमट झालं तरी मी कुरकुर केली नाही. बायको बोलते आहे, पाणी कोमट असेना.

हळूहळू मला तिची बोलण्याची पद्धत खटकू लागली. दोन शब्द बोलायची, थांबायची. पुन्हा दोन शब्द. एकदा मी बाहेरच्या खोलीत आडवा झालो होतो आणि ती आत पीठ कालवताना बोलत होती. मी डोळे मिटून ऐकत होतो.

"आज ऊन लय हाय."

गुबुक्.

"तुझे अब्बा आयले."

गुबुक्.

पीठ आंबताना बुडबुडे येतातच. मडक्यात वायू होतो, कपड्याखाली साठतो, सुटतो. त्यात काय? मी कूस बदलली. पण मग मी मुद्दाम हाक मारली, "बिल्कीस, पाणी दे गं." आणि आतला आवाज थांबला. तिचाही, आणि दुसराही.

ती पाणी घेऊन आली. ग्लास ठेवताना हळूच म्हणाली, "दुपारचे तुमी बोलू नुका."

"का?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही. "त्या वक्तालापण तुमी बोलत व्हतां," ती म्हणाली. "ती आयकत राहिली. तुमचा सरंपर्यंत दम धरून राहिली. मग तिला जमला नाय."

मी ग्लास उचलला आणि पाणी प्यायलो. पाणी घशाखाली उतरलं. मला काही वाटलं पाहिजे होतं, पण सुई दिलेला गाल परत आला होता.

७

फखरुन्निसा भाभीने यायचं सोडलं. मला गल्लीत गाठून म्हणाली, "मी बोलाया लागली की ती मना गप करते. आणि त्यो मडक्यावरचा कपडा, इद्रीसभाय... पीठ फुगला तर कपडा वर यायला पायजे का नाय? त्यो आत जातो. मना बरा दिसत नाय. टाकून द्या."

मी म्हणालो, "भाभी, ती बोलायला लागली आहे."

"कोणाशी?" भाभी म्हणाली.

मी घरी जाऊन टाकून दिलं असतं तर बरं झालं असतं का, हे मला आजही कळत नाही. टाकलं की बिल्कीस पुन्हा गप्प होणार, हे मला दिसत होतं. आणि ठेवलं तर? ती वाळत चालली होती. साहेबांसारखीच, मधेच थांबत बोलायची.

एका दुपारी वर्कशॉपची लाइट गेली आणि आम्हाला लवकर सोडलं. मी घरी आलो. दार लोटलेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीवर तिने चादर टांगली होती. ती पाटावर बसून मडक्यावर वाकली होती, तोंड कपड्याच्या अगदी जवळ. तिची पाठ माझ्याकडे. कपडा खाली गेला, मधोमध खड्डा पडला, मग हळूहळू वर आला. तिची पाठ वर आली, खाली गेली. दोन्ही एका तालात.

इतक्यात गल्लीतून भाभीची हाक आली, "बिल्कीस! अगो बिल्कीस, घरात हायस काय?"

कपडा खाली गेलेला तसाच थांबला. बिल्कीसची पाठही.

"बिल्कीस! तुझी परात घेऊन आयले!"

मी पुढे झालो. तिचे डोळे उघडे होते, शांत होते, कुठेतरी ऐकण्यात गुंतलेले. छाती हलत नव्हती. भाभी बोलतच राहिली, परातीबद्दल, उन्हाबद्दल, दार का उघडत नाही याबद्दल. बिल्कीसचे ओठ जांभळे पडू लागले. असमाचे पडले होते तसे.

मी धावत बाहेर गेलो आणि भाभीच्या तोंडावर हात ठेवला. परक्या बाईच्या तोंडावर, भर गल्लीत! ती इतकी घाबरली की परात टाकून पळाली. गल्ली शांत झाली. आतून आवाज आला, गुबुक्, आणि त्यामागून बिल्कीसने घेतलेला लांब श्वास.

ती न्हायला गेली तेव्हा मी पाणी उकळलं. कपड्याची गाठ सोडली. पिठाच्या पांढऱ्या पाठीवर दोन बारीक भोकं होती, शेजारी शेजारी, आणि त्यांच्याखाली एक उथळ खळगा. बुडबुडे फुटले की असं होतं. मी नीट पाहिलं नाही. उकळत्या पाण्याचं पातेलं मडक्यात उपडं केलं. वाफ तोंडावर आली, दुधाचा वास आला, आणि मडक्यात काहीतरी आत ओढल्यासारखं झालं, एकदाच.

या वेळी मी तळाला काही ठेवलं नाही. मडकंसुद्धा फोडलं.

८

बिल्कीस रागावली नाही. रिकाम्या कोपऱ्याकडे पाहून तिने असमाचा तो कपडा उचलला, खांद्यावर ओढणीसारखा घेतला आणि बिछान्यावर जाऊन पडली.

मी शेजारी बसलो. म्हणालो, "बिल्कीस, करावंच लागलं. तू पाहिलं नाहीस, तुझे ओठ कसे झाले होते. आपण गावी जाऊ. सुट्टी मागतो मी. तुझ्या आईकडे राहा थोडे दिवस..." मला खूप बोलायचं होतं. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं घशाशी आलं होतं, असमाचं, टॅक्सीचं, सगळं. मला रडू येत होतं. ती छताकडे पाहत ऐकत होती. किती छान ऐकत होती!

मग माझं लक्ष तिच्या छातीवरच्या कपड्याकडे गेलं.

मी तोंड मिटलं. वाट पाहिली. बऱ्याच वेळाने तिच्या घशात, अगदी खोल, आवाज झाला. गुबुक्. आणि छाती वर आली.

तेव्हापासून मी बोलत नाही. दवाखान्यात नेलं होतं. तिथे सगळेच बोलतात, डॉक्टर, नर्स, बाकड्यावर बसलेल्या बायका. डॉक्टरने छातीला नळी लावून विचारलं, "कब से है?" आणि उत्तराची वाट पाहत पुन्हा विचारलं. मी तिला उचलून परत आणलं.

घरात राहायचं तर गल्लीचा बंदोबस्त करावा लागतो. पोरं ओरडतात, फेरीवाला हाका मारतो. मी मेकॅनिक आहे, उपाय माझ्यापाशी होता. मशीनच्या आवाजाचं त्याला काही नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. साहेबाचा घरघर करणारा फ्रिज मी तिच्या उशाशी आणून ठेवला. कंप्रेसर मधे थांबू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून तारा थेट जोडल्या. आता तो सतत चालतो, आणि बाहेरचा एक शब्द आत येत नाही. आम्ही दोघं त्या घरघरीत राहतो. मी तिला भात भरवतो. मला काही वाटत नाही. फक्त कपड्याकडे पाहत राहायचं. वर, खाली.

आज दुपारी दार वाजलं. दार वाजलेलं चालतं, म्हणून मी उघडलं. फखरुन्निसा भाभी होती. माझ्यावर राग धरून इतके दिवस आली नव्हती. हातात झाकलेली ताटली, डोळ्यांत पाणी.

मी ओठांवर बोट ठेवलं.

तिने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. "बरी हाय ना ती?" तिने हळूच विचारलं.

मी जोरजोरात मान हलवली, हो, हो, आणि मागे वळून पाहिलं. कपडा खाली गेलेला तसाच थांबला होता. मी दार लावायला गेलो तर भाभीने हात मधे घातला. उशाशी कंप्रेसर घरघरत होता. मला नीट ऐकू गेलं नसेल असं तिला वाटलं, आणि ती पुन्हा विचारू लागली, या वेळी मोठ्याने.